अनुभव धागा: ठोकळ्यांचे आणि नट-बोल्टचे संच रोजच्या धबडग्यात कसे सांभाळता?

संच आणला, जोडला, इथपर्यंत सगळ्यांचंच जमतं. पुढे तुकडे पांगतात, धूळ बसते, पावसाळ्यात पट्ट्या गंजतात. लेगोचे प्लॅस्टिकचे ठोकळे असोत, मेकॅनोच्या धातूच्या पट्ट्या असोत की आपल्याकडचं तसंच मेकॅनिक्स, घरचं सगळं उरकून तुम्ही हे कसं निभावता ते मापं-प्रमाणांसकट लिहा. कृती हवी, आठवणी नकोत. सुरुवात मी करते.

लेगोच्या तुकड्यांची वर्गवारी रंगानुसार करू नका, आकारानुसार करा. लाल ढिगात लाल १×२ प्लेट (एक बाय दोन स्टडचा पातळ तुकडा; स्टड म्हणजे वरचे गोल उंचवटे) सापडत नाही, कारण सगळंच लाल असतं. १×२ प्लेटींच्या ढिगात लाल तुकडा मात्र लगेच डोळ्यांत भरतो. सुरुवातीला सात डबे पुरतात: ब्रिक (जाड ठोकळे), प्लेट, वर स्टड नसलेल्या टाइल, उतरते तुकडे, टेक्निकच्या (लेगोचीच यंत्रांची मालिका) पिना व आस, चाकं-टायर, माणसं आणि त्यांचं सामान. एखादा डबा भरून वाहायला लागला की त्याचेच दोन करायचे, आधी नाही. अर्ध्या किलोचे श्रीखंडाचे डबे उत्तम. झाकणावर आतलाच एक तुकडा दुतर्फी टेपने चिकटवला की लेबल लागत नाही.

वेळ कुकरच्या शिट्ट्यांचा. वाटीभर तुकडे ताटात ओतायचे आणि तांदूळ निवडतो तसे बोटाने बाजूला सारायचे. एका वेळी एकच वाटी. रविवारी अख्खा ढीग काढून बसलं तर तो जेवणाच्या वेळेपर्यंत जमिनीवरच राहतो आणि पुन्हा एकाच पिशवीत जातो.

डोंबिवली

धुण्याबद्दल लिहितो. पाणी ४० अंशांच्या आत, म्हणजे हाताला जेमतेम कोमट. लेगोचं एबीएस नावाचं प्लॅस्टिक गरम पाण्यात किंवा ड्रायरच्या वाऱ्यात वाकतं आणि वाकलेली प्लेट पुन्हा घट्ट बसत नाही. वॉशिंग मशीन नको, आपटून ओरखडे पडतात. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, अर्धा तास भिजवण, मऊ टूथब्रश. स्टिकर लावलेले, छापील, मोटर किंवा दिव्याचे तुकडे आधीच वेगळे काढा.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग उरतात. ठोकळ्यांच्या खालच्या नळ्यांमध्ये पाणी अडकून बसतं. पंचात घेऊन जोरात झटका, मग पंख्याखाली पूर्ण दिवस. उन्हात वाळवायचं नाही. अतिनील किरणांनी पांढरा, करडा आणि निळा रंग आधी पिवळटतो, म्हणून मांडणीही खिडकीसमोर नको.

जोडलेल्या संचांना आठवड्यातून एकदा एक इंची, मऊ, रंगकामाचा ब्रश, वरून खाली. घर झाडायच्या आधी नाही, नंतर. केर काढताना उडालेली धूळ पुन्हा वर बसते.

ठाणे

फळ्यांची मापं, कारण सुताराला सांगताना इथेच चुकतं. स्टडचं अंतर ८ मिमी. म्हणजे ३२×३२ स्टडचा पाया (रचना जिच्यावर उभी राहते ती चपटी पाटी) २५.६ सेंमी, ४८×४८ चा ३८.४ सेंमी. १० इंची फळी २५.४ सेंमी भरते, म्हणजे ३२ चा पायाही काठाबाहेर येतो. २००७ पासून निघणाऱ्या लेगोच्या मॉड्युलर (एकमेकींना जोडता येणाऱ्या) इमारती याच ३२ च्या पायावर असतात. त्यांना १२ इंच खोली घ्या. समोर काच असेल तर आणखी दोन इंच, कारण छज्जे आणि पायऱ्या पुढे येतात.

स्वतः रचना करणाऱ्यांसाठी: ब्रिकची उंची ९.६ मिमी, प्लेट ३.२. पाच ब्रिक एकावर एक = सहा स्टडची रुंदी = ४८ मिमी. पाच प्लेट = दोन स्टड = १६ मिमी. तुकडे कुशीवर वळवून भिंती बसवताना हे दोन हिशेब सोडून तिसरा लागत नाही. हे गणित इतकं नेमकं जुळतं याचा मला अजूनही आनंद होतो.

रत्नागिरी

कोकणात धातूचे संच म्हणजे जूनच्या आधीची तयारी. मेच्या अखेरीस सगळ्या पट्ट्या, नट-बोल्ट कोरड्या सुती फडक्याने पुसायचे, मग शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर बऱ्या. रंग बदलला की काढून वाळवता येतात. हाताच्या घामानेही गंज धरतो, तेव्हा मोडून ठेवताना पुन्हा पुसा.

जोडणी करताना सगळे बोल्ट आधी सैल बसवा. सांगाडा चौकोनी झाला की तिरक्या कोपऱ्यांनी आळीपाळीने आवळा. एक कोपरा आधीच आवळला तर शेवटची भोकं जुळत नाहीत, आणि जोर केला की पट्टी वाकते. हलत्या सांध्याला दोन नट: पहिला किंचित सैल, दुसरा त्याच्यावर घट्ट. कप्पीचा छोटा स्क्रू आस धरेल इतकाच फिरवायचा, पितळेचे आटे झिजले की कप्पी कायमची घसरते.

जुनं मेकॅनो हाती लागलं तर भोकं मोजा. अंतर अर्धा इंच असतं, म्हणून ११ भोकांची पट्टी साडेपाच इंच, २५ भोकांची साडेबारा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून हे अंतर तेच आहे, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची पट्टी आजच्या मेकॅनोच्या पट्टीला जुळते.

नाशिक

घट्ट बसलेल्या प्लेटींना दात किंवा सुरी लावू नका, कडा कायमच्या जातात. एकसारख्या दोन प्लेटींना दोन सेपरेटर (लेगोचे तुकडे सोडवायचं छोटं प्लॅस्टिकचं हत्यार): एक वरून, एक खालून, आणि दांडे एकमेकांकडे दाबा. नारिंगी सेपरेटरच्या टोकाने अडकलेला आस मागून ढकलून काढता येतो.

स्टिकरसाठी जागेवर साबणाच्या पाण्याचं एक बोट फिरवा. स्टिकर चिमट्याने ठेवा, सरकवून बसवा, टिश्यूने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. रात्रभर हात लावू नका.

ऑरहूस, डेन्मार्क

इथल्या जुन्या बाजारात लेगोचे सुटे तुकडे किलोवर मिळतात. आत नळ्या आहेत का ते आधी बघावं. नळ्यांचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, त्याआधीचे ठोकळे आतून पोकळ असतात. १९६३ मध्ये एबीएस यायच्या आधीचे सेल्युलोज अॅसिटेट या जुन्या प्लॅस्टिकचे ठोकळे वाकडे होतात, ते नव्यांबरोबर जोडू नयेत. करड्या रंगाच्या दोन छटा आहेत: २००४ च्या सुमारास जुना करडा जाऊन निळसर झाक असलेला आला. दोन्ही एकाच भिंतीत लावले की ठिगळ दिसतं. तपकिरी आणि गडद लाल तुकड्यांच्या क्लिपा सोडवायच्या आधी तपासा, काही वर्षांचं उत्पादन ठिसूळ निघालं आहे.

पुणे

जुना लेगो संच घेताना आधी माणसं मोजा, किंमत बहुतेक त्यांच्यातच असते. धडाच्या बाजूला, काखेखाली उभी चीर जाते का ते उजेडात धरून पाहा. मग पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवरच्या यादीशी मोठे आणि दुर्मिळ तुकडे जुळवा. बारीकसारीक नंतर सुटे मिळतात. स्टडवर लेगोचं उठावाचं नाव नसेल तर तुकडा मूळ कंपनीचा नसण्याची शक्यता जास्त.

आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. नवा खोका महाग का, याचं मोठं कारण हे. म्हणून खोके टाकू नका. चपटे करून, संचाचा क्रमांक बाहेर येईल असे गादीखाली ठेवले तर जागाही जात नाही. पुस्तिका मात्र तिथे नकोत, कसर लागते. झिपलॉक पिशवीत उभ्या.

सोलापूर

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर जोडकाम टेबलावर, कडेने ताट मांडून. उठताना जमीन टॉर्चने तिरकी तपासा, सावलीमुळे १×१ सुद्धा दिसतो. व्हॅक्यूमच्या तोंडावर जुना पायमोजा ताणून रबर लावलं की धूळ आत जाते आणि तुकडा मोज्यावर राहतो. त्या वयाला ड्युप्लो (लेगोचेच लहान मुलांसाठीचे मोठे ठोकळे) द्या. साध्या ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूने दुप्पट असल्यामुळे पुढे साध्या लेगोच्या मोठ्या रचनेत पायाला तेच ठोकळे चालतात.