नेटवर्क ड्रायव्हरची सेटिंग्ज कुठून बदलू द्यायची? माझं मत: सिसएफएस

तांब्याची तार

आमच्या चमूचं दोन आठवड्यांपासून एकाच मुद्द्यावर अडलंय, म्हणून इथे मांडतो. लिनक्ससाठी एका नव्या इथरनेट कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) लिहितोय. वापरणाऱ्याला तीन गोष्टी बदलता यायला हव्यात: क्यू (पॅकेटांच्या रांगा) किती ठेवायचे, इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) किती मायक्रोसेकंद थोपवून धरायचा, आणि फर्मवेअरचा (कार्डातल्या प्रोग्रामचा) एक मोड. मोड बदलला की कार्ड रीसेट करावं लागतं.

माझं म्हणणं, सिसएफएसमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग्ज फायलींसारख्या दाखवणारी सोय) तीन फायली द्या आणि मोकळे व्हा. एका फाईलमध्ये एकच किंमत (व्हॅल्यू), कॅट कमांडने वाचा, एको कमांडने लिहा. २००३ च्या डिसेंबरात २.६ कर्नल आला तेव्हापासून ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. वेगळं टूल नको, लायब्ररी नको. आमचं कार्ड ज्या छोट्या बोर्डांवर बसणार आहे तिथे बिझीबॉक्सपलीकडे (मोजक्या मूलभूत कमांडचा छोटा संच) काही नसतं.

मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे ड्रायव्हर लोड करतानाच द्यायच्या किमती, मलाही नकोत. पण नेटलिंक, म्हणजे कर्नलशी संदेशांनी बोलायची वाट? तीन आकड्यांसाठी संदेश बांधायचा, त्यात अ‍ॅट्रिब्यूट (संदेशातले नाव-किमतीचे तुकडे) भरायचे, उत्तर उकलायचं. एवढा खटाटोप कशासाठी?

कर्नलवाचक

ठाम असहमत. तुमच्या तीनपैकी पहिल्या दोन गोष्टी तुमच्या कार्डाच्या खास नाहीतच. क्यूची संख्या आणि इंटरप्ट थोपवणं हे बहुतेक सगळ्या कार्डांना लागतं, आणि दोन्हींची जागा इथटूलमध्ये (नेटवर्क कार्डांच्या सेटिंग्जचं ठरलेलं टूल) कधीचीच ठरलेली आहे. तुम्ही वेगळी फाईल काढलीत की ऑटोमेशन लिहिणाऱ्याला तुमच्या कार्डापुरता वेगळा कोड लिहावा लागणार.

हे वायफायमध्ये एकदा होऊन गेलंय. जुन्या वायरलेस एक्स्टेन्शन्समध्ये (वायफायच्या सेटिंग्जचा जुना इंटरफेस) खासगी आयॉक्टलची (ड्रायव्हरला थेट आज्ञा देणारा सिस्टिम कॉल) सोय होती, आणि प्रत्येक ड्रायव्हरने आयडब्ल्यूप्रिव्ह या टूलमधून आपापल्या आज्ञा काढल्या. परिणामी वायफायला जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामला मॅडवायफाय ड्रायव्हरसाठी वेगळा कोड, होस्टएपीसाठी वेगळा, एनडीआयएसरॅपरसाठी वेगळा. पुढे कर्नलात एनएल८०२११ (वायफायसाठीचा नेटलिंक इंटरफेस) आलं, ड्रायव्हर हळूहळू त्यावर आले, तेव्हा कुठे हा गुंता सुटला.

आणि नेटलिंकचे संदेश तुम्हाला बांधायचेच नाहीत! ड्रायव्हरने इथटूल ऑप्सच्या (इथटूलच्या कामांसाठी ड्रायव्हरने द्यायच्या फंक्शनांच्या) तक्त्यात दोन-चार फंक्शनं भरायची. जुनं आयॉक्टल आणि ५.६ कर्नलपासूनचं नेटलिंक, दोन्ही वाटा कर्नलचा गाभा त्याच फंक्शनांपर्यंत आणून सोडतो. तुमच्या तीन फायलींपेक्षा हे काम कमी आहे.

रात्रपाळी

मी ड्रायव्हर लिहीत नाही, सर्व्हर सांभाळते. रात्री अडीचला फोन येतो तो मला, म्हणून बोलते.

मॉड्यूल पॅरामीटरचा अनुभव आधी. आमच्याकडे एका मशीनवर इंटरप्ट थ्रॉटलचे (इंटरप्टवरच्या मर्यादेचे) आकडे स्वल्पविराम देऊन लिहिलेले होते, पहिला आकडा पहिल्या पोर्टचा, दुसरा दुसऱ्याचा. कोणीतरी तिसरं कार्ड बसवलं. कार्डं सापडण्याचा क्रम बदलला आणि स्टोरेजच्या पोर्टला भलत्याच पोर्टचा आकडा गेला. एरर नाही, लॉग नाही, फक्त सगळं मंद. शोधायला दोन रात्री गेल्या.

पण सिसएफएसही माझ्या कामाचं नाही, तांब्याची तार. तुमच्या फाईलमध्ये मी चुकीचा आकडा लिहिला तर मला काय कळणार? ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’, एवढंच. आकडा मोठा झाला? पोर्ट चालू असताना चालत नाही? दुसऱ्या सेटिंगशी भांडतोय? नेटलिंकमध्ये ४.१२ कर्नलपासून एररबरोबर ड्रायव्हरला वाक्य पाठवता येतं. ते एक वाक्य माझी झोप वाचवतं. शिवाय कोणी सेटिंग बदललं तर इथटूलच्या मॉनिटरवर दिसतं. फाईल बदलली हे मला कोण सांगणार?

आणि कंटेनरमध्ये (एकाच मशीनवरच्या वेगळ्या केलेल्या कप्प्यात)  सिसएफएस बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरतं माउंट केलेलं असतं. तिथे तुमचा एको चालणारच नाही.

सोल्डरगन

मी हार्डवेअरच्या बाजूचा, त्यामुळे तांब्याची तार यांचं दुःख मला कळतं. पहिल्या दोन गोष्टी इथटूलमध्ये जाव्यात, मान्य. पण तिसरीचं काय? फर्मवेअरचा मोड दुसऱ्या कोणत्याच कार्डात नाही. त्याला सर्वसामान्य नाव कुठून आणायचं?

डेव्हलिंक (कार्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जसाठीचा नेटलिंक इंटरफेस) म्हणाल. २०१६ मध्ये ४.६ कर्नलात आलं, चांगलं आहे. पण तिथे प्रत्येक पॅरामीटरवर चर्चा होते: नाव बरोबर आहे का, हे आणखी कोणाला लागेल का, मुळात हवंच कशाला. चर्चेत महिने जातात आणि ग्राहक थांबत नाही. आधुनिक कार्डात फर्मवेअरच्या शेकडो सेटिंग्ज असतात, त्या सगळ्या कर्नलच्या चाळणीतून का जाव्यात? हे एकट्याचं म्हणणं नाही. फर्मवेअरशी थेट बोलणारं एफडब्ल्यूसीटीएल २०२५ मध्ये ६.१५ कर्नलात गेलंच की, नेटवर्किंगच्या मेंटेनरांचा विरोध असूनही.

सिसएफएसची एक फाईल, तिची नीट कागदपत्रं, संपलं. एवढी मोकळीक ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हवी.

कर्नलवाचक

सोल्डरगन, उशीर होतो हे खरं. त्या महिन्यांचं ओझं मीही वाहिलंय. पण फाईल दिली की ‘संपलं’ होत नाही, तिथून सुरू होतं. वापरात आलेला इंटरफेस कर्नल मोडत नाही. बाँडिंग ड्रायव्हर (अनेक पोर्ट मिळून एक करणारा) बघा: आधी मॉड्यूल पॅरामीटर, मग सिसएफएस, मग नेटलिंक. आधीचे काढता येत नाहीत, म्हणून तिन्ही सांभाळायचे.

ठरलेल्या आकाराच्या स्ट्रक्चरचीही तीच गत. इथटूलच्या जुन्या स्ट्रक्चरमध्ये वेग मेगाबिटमध्ये, १६ बिटांच्या खणात होता. त्यात ६५,५३५ पर्यंतच आकडा मावतो. १०० गिगाबिटचं कार्ड म्हणजे १,००,०००, मग वरच्या १६ बिटांसाठी दुसरा खण जोडावा लागला. लिंक मोडचे (कार्डाला चालणाऱ्या वेग-प्रकारांच्या यादीचे) ३२ बिटही पुरेनात, म्हणून ४.६ मध्ये नवी आज्ञाच काढावी लागली. नेटलिंकमध्ये नवा अ‍ॅट्रिब्यूट जोडायचा, जुनी टूल्स आपली चालू राहतात.

सिसएफएसचा एक खड्डा कोणीच सांगितला नाही. डिव्हाइस काढताना कर्नल आरटीएनएल लॉक (नेटवर्क सेटिंग्जचं एकमेव मोठं कुलूप) धरून त्याच्या फायली मिटायची वाट बघतो. तुमची फाईल लिहिणारा तोच लॉक मागत बसला की दोघे एकमेकांत अडकले. म्हणून नेट-सिसएफएसच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं ट्रायलॉक (न थांबता लॉक घ्यायचा प्रयत्न) करून, नाही मिळाला तर सिस्टिम कॉल पुन्हा सुरू करायची युक्ती वापरली जायची. तुमच्या खासगी फाईलसाठी अशी काळजी आठवणीने घ्यावी लागेल. आणि एक किंमत एक फाईल म्हणजे दोन किमती एकत्र बदलायची सोय नाही. मधल्या क्षणी कार्ड अर्धवट सेटिंगवर चालणार.

मोडसाठी डेव्हलिंकमध्ये ड्रायव्हर-इनिट प्रकारचा पॅरामीटर आहे. किंमत लिहून ठेवायची, रीलोडची आज्ञा दिली की लागू. तुम्हाला रीसेट लागतोच, हा प्रकार त्यासाठीच आहे. सर्वसामान्य नाव सापडलं नाही तर ड्रायव्हरपुरतं नावही देता येतं.

तांब्याची तार

ऑप्सचा तक्ता भरला की दोन्ही वाटा मिळतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नेटलिंक म्हणजे सगळं हाताने, असं धरून चाललो होतो. क्यू आणि इंटरप्ट इथटूलमध्ये जातील. लॉकचं वाचून आमच्या चाचणीत पोर्ट काढताना दोनदा मशीन का गोठलं असावं याचाही अंदाज आला. उद्या आधी तेच तपासतो.

मोड डेव्हलिंकमध्ये टाकतो. पण बिझीबॉक्सच्या बोर्डांवर आयपीरूट२ (डेव्हलिंकची कमांड ज्यात येते तो टूलसंच) नाही, तिथे हे अवघडच आहे आणि त्याबाबतीत माझं मत बदललेलं नाही. ६.३ कर्नलपासून नेटलिंकच्या संदेशांची वर्णनं याम्लमध्ये (साध्या मजकुराच्या स्वरूपात) आहेत आणि त्यातून सी कोड तयार करता येतो. त्यातून एक लहान स्टॅटिक (बाहेरच्या लायब्ररीशिवाय चालणारं) टूल बांधून किती केबीचं होतं ते बघतो. फार मोठं निघालं तर हा वाद पुन्हा उकरून काढणार.

सोल्डरगन

किती केबी ते इथे नक्की टाका. पाचशेच्या पुढे गेलं तर मी तुमच्या बाजूने.

रात्रपाळी

आणि मोड नाकारताना एररमध्ये वाक्य लिहा. ‘पोर्ट आधी बंद करा’ एवढं लिहिलंत तरी पुरे.