गणपतीसाठी युवा गट: जबाबदारी कुणाची, काम कसं

(सोसायटीचा मुख्य ग्रुप, गणेशोत्सवाच्या सहा आठवडे आधी)

बी-४०२, सचिव: सर्वांना नमस्कार. सोसायटीतल्या १४ ते २२ वयाच्या १९ मुलामुलींनी ‘युवा गट’ सुरू करायचा अर्ज दिलाय. रविवारी कमिटीची बैठक आहे. गटाला नेमकं काय काम द्यायचं, यावर जाणकारांनी लिहावं. काही पालकांनी एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) तास आणि प्रमाणपत्राबद्दलही विचारलंय.

बी-५०५: माझी मुलगी अकरावीत आहे. सोसायटीत केलेलं काम एनएसएसच्या १२० तासांत धरतात का?

ए-१०३: आपोआप नाही धरत. एनएसएसमध्ये वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचं एक विशेष शिबिर. हे तास कॉलेजच्या युनिटमार्फतच नोंदले जातात. सोसायटीने लेटरहेडवर लिहून दिलं म्हणून ते चालत नाही. मुलीने काम सुरू करण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा: काम काय, कुठे, किती दिवस, देखरेख कोणाची. त्यांनी होकार दिला तर डायरीत रोजची नोंद करून त्याच आठवड्यात सही घ्यायची. काम संपल्यावर एकदम ४० तास लिहून नेले की ते नाकारतात, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या सोसायटीपुरतं काम असेल तर बरेच अधिकारी ते धरत नाहीत. शेजारची वस्ती, नदीघाट किंवा महापालिकेच्या संकलन केंद्राशी काम जोडलेलं असेल तर विचार होतो.

बी-५०५: धन्यवाद सर. कॉलेजात एनएसएस नसेल तर?

ए-१०३: ‘माय भारत’ पोर्टलवर नाव नोंदवता येतं. केंद्र सरकारने ते ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू केलं, वयोगट १५ ते २९. शाळेत स्काऊट-गाईड असेल तर उत्तमच, तिथे लहान तुकडीचा नायक होण्याची सवय लागते. १४ ते २४ वयासाठी ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ आहे: थेट त्या पातळीला नाव नोंदवलं तर ब्राँझला किमान ६ महिने, सिल्व्हरला १२, गोल्डला १८. त्यात सेवेबरोबर एक कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवासही करावा लागतो.

पण सचिवसाहेब, कमिटीने प्रमाणपत्रापासून सुरुवात करू नये. आपल्याकडे युवा गट म्हणजे खुर्च्या उचलणारी, पंगतीला वाढणारी आणि पाहुण्यांना गुच्छ देणारी मुलं. त्यातून सेवा होते, नेतृत्व येत नाही. नेतृत्व येतं ते एक अख्खं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात असलं की. त्यातला निर्णय मुलांचा, पैसे मुलांच्या हिशेबात आणि चूक झाली तर ती निस्तरायचीही मुलांनीच.

सी-६०१: अगदी बरोबर. माझं सुचवणं, निर्माल्य आणि घरगुती मूर्तींचं विसर्जन हे काम पूर्ण द्या. दीड दिवस, गौरी-गणपती आणि दहावा दिवस अशा ठरलेल्या तारखा आहेत. वजन करता येतं, खत दिसतं, फसलं तर वास येतो. त्यात लपवायला काही उरत नाही.

डी-१०१: निर्माल्य घाटावरच्या कलशात टाकतोच की आपण. त्यासाठी वेगळा गट कशाला?

सी-६०१: दादा, कलशात जातं ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट जातं. मग ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई घाटावर उभं राहून एकेक पिशवी हाताने फोडतात. वर्गीकरण आपल्या दारात झालं तर त्यांचं तेवढं काम वाचतं. आपल्याकडे साधारण ६० घरी गणपती असतात. घरटी सगळे दिवस मिळून २ किलो धरा, म्हणजे १२० किलोच्या आसपास. एवढं आपल्या आवारात मुरतं.

ए-७०४: काकू, मी गटाकडून विचारते. नेमकं काय काय लागेल ते सांगाल का? आम्ही शनिवारी यादी करतोय.

सी-६०१: लिहून घे.

खड्डा किंवा विटांची जाळीदार हौद-पेटी ४ × ३ × ३ फूट, दोन. एक भरायची, दुसरी खालीवर करताना माल उलटवायला. सुका पाला आतापासून साठवायला लागा, २५ किलोच्या तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत दाबून किमान १५ गोण्या. नेमकं इथेच गाडं अडतं. सप्टेंबरात पावसामुळे सुका पाला मिळत नाही, मग नुसती ओली फुलं ढिगात जातात आणि चौथ्या दिवशी बी विंगमधून तक्रार येते. पाला नसेल तर लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो. प्लायवूडचा मात्र नको, त्यात डिंक असतो.

गोळा करण्याच्या जागी टेबल एकच, त्यावर वर्गीकरण. टेबलाखाली तीन क्रेट: फुलं-पत्री-दूर्वा, नारळ-फळं-सुपारी, आणि बाकीचं सगळं, म्हणजे दोरा, जरी, थर्माकोल, कापूर-अगरबत्तीची पाकिटं, वस्त्रं. कात्र्या ६, जाड रबरी हातमोजे ८ जोड, ताणकाटा १.

हाराचा दोरा कापून ओढून काढायचाच. आजकाल तो बहुतेक नायलॉनचा असतो. खतात सहा महिन्यांनीही तसाच सापडतो आणि चिरायच्या यंत्राच्या पात्याला गुंडाळून मोटर जाळतो. झेंडूचे हार दोन-तीन ठिकाणी कापले की पुरे, बारीक चिरत बसू नका. केवडा आणि कमळाचे देठ मात्र चिरा.

थर असा: खाली ६ इंच काटक्या, हवा खेळण्यासाठी. त्यावर ४ इंच फुलं, ६ इंच सुका पाला, मूठभर जुनं खत किंवा ताकपाणी. परत तेच. सगळ्यात वर नेहमी पाला, फूल उघडं दिसता कामा नये. चिलटं तिथूनच सुरू होतात.

ए-७०४: पाणी किती घालायचं?

सी-६०१: घालायचंच नाही बहुधा, फुलांतच भरपूर असतं. ढिगातली मूठ घेऊन घट्ट दाबायची. बोटांतून एखादा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाला वाढव. कोरडा भुगा झाला तर शिंपड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्ये हात घातला की चटका बसेल इतकं गरम लागलं पाहिजे. थंड असेल तर एक तर फार ओलं झालंय किंवा ढीग लहान पडलाय. आठवड्यातून एकदा दुसऱ्या पेटीत उलटवायचं. साधारण दोन-अडीच महिन्यांत दिवाळीनंतर खत चाळता येईल. म्हणजे गटाचं काम अनंत चतुर्दशीला संपत नाही, हे आत्ताच सगळ्यांना सांग.

सी-३०३: काकू आमची सहामाही ऑक्टोबरमध्ये आहे

सी-६०१: म्हणूनच उलटवायच्या तारखा आज कॅलेंडरवर लिहा आणि दहावी-बारावीच्या मुलांना त्यातून वगळा. दोन मोठी मुलं ४० मिनिटांत उलटवतात.

डी-२०२: मूर्तींचं मी सांगतो. गटाने आधी घरोघरी विचारून शाडू आणि पीओपी अशा दोन याद्या कराव्यात. दोन्हींची रीत वेगळी आहे आणि एका टाकीत दोन्ही टाकल्या की माती वाया जाते.

शाडूची मूर्ती कोरडी असताना बुडवायची. लोक आधी वरून पाणी शिंपडून ओली करतात, मग ती चिकट होऊन विरघळायला जास्त वेळ घेते. पूर्ण कोरडी असेल तर काही तासांत बसते. पाणी एक-दोन दिवस निवळू द्यायचं, वरचं काढायचं, गाळ सुती कापडावर पसरून वाळवायचा. पुण्यात ही माती परत गोळा करून मूर्तिकारांपर्यंत पोचवण्याची ‘पुनरावर्तन’ मोहीम चालते, तिथे देता येईल. माती तेवढी स्वच्छ हवी. तांदूळ, कुंकू, जानवं त्यात राहिलं तर मूर्तिकाराला उपयोग नाही.

पीओपीसाठी अमोनियम बायकार्बोनेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत दिली आणि महापालिकेने हे रसायन नागरिकांना मोफत वाटलेलं आहे. क्षेत्रीय कार्यालयात आताच विचारून ठेवा. प्रमाण सोपं आहे, मूर्तीच्या वजनाइतकं रसायन. २ किलोच्या मूर्तीला २ किलो. हिशेबाने थोडं कमी लागतं, पण हवेत उडून जाणारं धरून बरोबरीने घ्यावं.

खजिनदार, ए-५०२: मूर्तीचं वजन कोण करणार? घरोघरी ताणकाटा न्यायचा का?

डी-२०२: हो, यादी करतानाच. अंदाजाने टाकलं की हमखास कमी पडतं. मूर्ती अर्धी तशीच राहते आणि मग बघवत नाही. लोकांची श्रद्धा दुखावते ती तिथे.

बाकी काळजी: टब प्लॅस्टिकचाच, तांब्या-पितळेची भांडी अमोनियाने खराब होतात. टब दोन तृतीयांशच भरायचा, कारण वायू सुटून फेस वर येतो. मूर्ती सरळ बुडवली तर तळाच्या पोकळीत हवा अडकते, म्हणून तिरकी धरून आत पाणी भरू द्या आणि मग सरळ ठेवा. ऑइलपेंटची मूर्ती वेळ जास्त घेते, रंगाचा थर पाणी आत शिरू देत नाही. दोन-तीन तासांनी काठीने हलवायचं. ४८ तास धरा, मोठी असेल तर जास्त.

वास डोळ्यांना झोंबतो. पार्किंगच्या तळघरात अजिबात नको, गच्चीवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत. १८ च्या खालच्यांनी रसायन ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे.

डी-१०१: आणि उरलेलं पाणी?

डी-२०२: वरचं निवळलेलं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेटचं द्रावण, नत्रखतच. एक मग द्रावणाला वीस-पंचवीस मग साधं पाणी, नाहीतर मुळं जळतील. रंग उतरलेला असतो, म्हणून फक्त शोभेच्या झाडांना. तुळस, कढीपत्ता, ओवा यांना घालू नका. खालचा पांढरा गाळ कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्यात रंग असतो, तो खताच्या पेटीत नको. वाळवून पोत्यात भरून महापालिकेच्या मुकादमांना विचारून द्या.

बी-४०२, सचिव: फार उपयोगी माहिती. आता गटाची रचना? अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस अशी नावं आलीत अर्जात.

ए-१०३: ती नावं काढा. पदं वाटली की पहिला आठवडा पदांच्या वादात जातो आणि पद न मिळालेली मुलं दीड दिवसाच्या विसर्जनालाच गायब होतात. पदाऐवजी काम द्या. पाला-साठा एकीकडे, मूर्ती-यादी दुसऱ्याकडे, टेबलाचा पाळीतक्ता तिसऱ्याकडे, हिशेब चौथ्याकडे, खत पाचव्याकडे. प्रत्येक कामाला दोघे, एक मोठा आणि एक लहान. पुढच्या वर्षी लहान तो प्रमुख. ही जोडी नसेल तर मोठी मुलं नोकरीला किंवा बाहेरगावी शिकायला गेली की गट तिथेच संपतो. बहुतेक सोसायट्यांचे गट याच कारणाने दुसरं वर्ष बघत नाहीत.

पाळी अडीच तासांची, चौघांची. त्यांत एक जण १८ च्या वरचा. रात्री दहानंतर एकही लहान मूल टेबलावर नको. आणि एक आग्रहाचं: मुलींकडे रांगोळी आणि वही, मुलांकडे टाकी आणि पैसे, असं होऊ देऊ नका. आपोआप तसंच होतं, म्हणून तक्ता करतानाच बघा.

पाचव्या दिवशी हजेरी निम्म्यावर येते, हे गृहीत धरा. पाळीला चार लागत असतील तर सहा नावं लिहा. कोणी येणार नसेल तर त्याने आदल्या रात्री आठपर्यंत स्वतः बदली शोधायची. आईने ग्रुपवर कळवायचं नाही.

खजिनदार, ए-५०२: पैशांचं माझं म्हणणं: मुलांनी वर्गणी मागत फिरू नये. कमिटीने ठराव करून ८,००० रुपये मंजूर करावेत. ३,००० रोख हातखर्चाला, बाकी बिलं थेट सोसायटीच्या खात्यातून. १०० रुपयांवरच्या प्रत्येक खर्चाला पावती. हिशेब दर रविवारी याच ग्रुपवर, मुलांनीच टाकायचा. मी फक्त तपासेन, लिहून देणार नाही.

ए-१०३: हे उत्तम. आणि मोठ्यांसाठी एक नियम. ज्याला सूचना करायची असेल त्याने त्या कामाच्या जोडीला सांगावी, टेबलावर जाऊन स्वतः कात्री हातात घेऊ नये. दोन काका मध्ये पडले की मुलं मागे सरकतात आणि मोबाइल काढतात. अपवाद फक्त सुरक्षेचा. टाकीत पाणी असताना लहान मूल जवळ गेलं किंवा रसायन सांडलं, तर कोणीही लगेच थांबवावं.

बी-५०५: फोटो टाकताना १८ च्या खालच्या मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नको, ही विनंती.

बी-४०२, सचिव: मान्य. पालकांचं संमतिपत्र शनिवारी देतो. त्यात तातडीचा फोन नंबर, दमा किंवा ॲलर्जी आहे का, आणि फोटोला परवानगी, एवढंच असेल.

डी-२०२: दमा असलेल्यांना पीओपीच्या कामात घेऊ नका. निर्माल्यातही बुरशी असते, त्यांना यादी आणि हिशेब द्या.

ए-७०४: काका-काकू, सगळं लिहून घेतलं. शंका दोन. सी विंगमागची जागा पावसात तुंबते, मग पेटी कुठे? आणि शेजारच्या चाळीतले लोक निर्माल्य घेऊन आले तर घ्यायचं का?

सी-६०१: पेटी पंपरूमच्या बाजूच्या उंचवट्यावर. वर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. चाळीचं जरूर घ्या. मग मात्र पाल्याच्या गोण्या १५ नाही, २५ लागतील आणि तिसरी पेटी.

ए-१०३: चाळीतल्या मुलांनाही पाळीतक्त्यात घ्या. नुसतं त्यांचं निर्माल्य घेऊ नका. पेटी त्यांचीही आहे असं वाटलं तर नोव्हेंबरात खत उलटवायला माणसं मिळतील. आणि बी-५०५, एनएसएसच्या अर्जात हे नक्की लिहायला सांगा.

सी-३०३: मी आणि डी-४०४ पाला घेतो. उद्या सकाळी ७ ला झाडणाऱ्या मावशींशी बोलतो, त्या रोज दोन पोती गोळा करतात

सी-६०१: मावशींना सांग की प्लॅस्टिक वेगळं आणि पाला कोरड्या जागी. आणि रिकाम्या गोण्या आधी तू नेऊन दे, त्यांच्याकडे मागू नकोस.

ए-७०४: मूर्तींची यादी आम्ही तिघी करतोय. शनिवार-रविवार संध्याकाळी ६ ते ८ दारावर येऊ. शाडू की पीओपी, किती दिवस, किती वाजता विसर्जन, एवढंच विचारू. मूर्ती घरी आल्यावर वजनासाठी परत येऊ. ज्यांना मूर्ती अजून ठरवायची आहे त्यांनी यादीच्या वेळी सांगा, शाडूच्या मूर्ती कुठे मिळतात तेही आम्ही काढून ठेवतोय.

बी-४०२, सचिव: रविवारी ११ वाजता बैठक. ए-७०४, तू आणि सी-३०३ दोघांनी यायचं, विषय क्रमांक ३ तुम्हीच मांडायचा. ठरावाचा कच्चा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव. मी शब्द बदलणार नाही, फक्त ठराव क्रमांक घालेन.