गावतळ्यात गेलेल्यांच्या नावाचे कंदील सोडायचे आहेत : तळ, कागद, आणि नंतरची साफसफाई

तळेकाठ :
त्रिपुरी पौर्णिमेला गावातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने तळ्यात कंदील सोडायचं ठरतंय. १२० नावं आली आहेत. तळं बांधीव आहे, लांबी साधारण ६० मीटर, एका बाजूला घाट. पत्रावळीच्या द्रोणात पणती ठेवून पाहिली, तर निम्मे द्रोण दहा मिनिटांत कलंडले. पोरांचं म्हणणं, उडते कंदील आणू. पाण्यावर कंदील दोन तास टिकेल असा कसा करायचा? नावं कशाने लिहायची? आणि सकाळी तळ्यात कचरा राहायला नको.

रंधा-पटाशी :
द्रोण कलंडणारच. काड्यांनी टाचलेला असतो, भोकांतून पाणी शिरतं. वर पणतीचं वजन, त्यात हलणारं तेल. एकदा एका बाजूला झुकला की तेलही त्याच बाजूला धावतं. पाण्यावर तेलाची पणती नकोच, तवंग येतो तो वेगळा.

लाकडी तळ करा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवुड स्वस्तात मिळतं. १५ × १५ सेंमी, जाडी १२ मिमी. असा तुकडा सुमारे १३५ ग्रॅम भरतो. कागद, काड्या आणि मेणबत्ती मिळून ४० ग्रॅम धरले, तर सुमारे दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली जातो आणि ४ मिमी वर राहतो. तेवढं पुरतं. ८ मिमीची फळी घेतली तर तळ जेमतेम २ मिमी वर राहतो आणि हिंदकळ्याने कागद भिजतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेऊ नका, तासाभरात पावासारखं फुगतं.

चार कोपऱ्यांना, १३ सेंमीच्या चौकोनात, ३ मिमीची भोकं ८ मिमी खोल पाडा आणि १७-१८ सेंमीच्या बांबूच्या काड्या ठोका. खराट्याचे हीर वापरू नका, वाकतात. उंची याहून वाढवली की वारा शिडासारखा भरतो. मधोमध टी-लाइट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीतली छोटी मेणबत्ती. ती तीन-साडेतीन तास चालते. वाटीखाली मळलेल्या कणकेची गोळी दाबून बसवा, नाहीतर पहिल्याच हिंदकळ्यात सरकून कागदाला लागते. ज्योत आणि कागद यांत चारी बाजूंनी ६ सेंमी अंतर राहिलंच पाहिजे. वरून कंदील उघडा ठेवा.

बोरू :
कागदाचं मी सांगतो. पतंगाचा कागद दिसायला सुरेख, पण कार्तिकातल्या दवाने तासाभरात लोळतो. बटर पेपर घ्या. पट्टी ५४ सेंमी लांब (चार बाजू १३ च्या, २ जोडासाठी), १५ सेंमी उंच. कागद तळाला टेकवू नका, १ सेंमी वर ठेवा. टेकला की वातीसारखं पाणी ओढतो, आणि नाव बहुधा खालच्या अर्ध्यातच लिहिलेलं असतं. त्याच फटीतून ज्योतीला हवा मिळते. मैद्याची खळ दवाने सुटते. फेविकॉल लावा आणि रात्रभर वाळू द्या.

नावं पट्टी सपाट असतानाच लिहायची, पर्मनंट मार्करने. स्केचपेनची शाई ओल लागली की ओघळते, आणि नावावरून ओघळ आलेला घरच्यांना बघवत नाही. खाली रद्दीचा कागद ठेवा, मार्कर आरपार उतरतो.

नावाची चिठ्ठी घरच्यांकडूनच लिहून घ्या, ऐकून लिहाल तर ऱ्हस्व-दीर्घाचे आणि आडनावांचे घोळ होतात. नावाआधी काहीच लावू नका. 'कै.' लावलं की मुसलमान आणि ख्रिस्ती घरांच्या नावांचं काय करायचं हा प्रश्न येतो. क्रम सरळ अकारविल्हे, म्हणजे आधी सरपंचांचे वडील की आधी कोण हा वादच नाही. नाव वाचायला चार-पाच सेकंद धरले तर १२० नावं दहा मिनिटांत होतात. दहा-बारा कोरे कंदील जादा ठेवा. ऐन वेळी कोणीतरी नाव घेऊन येतंच.

भरती-सुकती :
उडते कंदील बाद. नोव्हेंबरात वाळलेलं गवत आणि तोडणीला आलेला ऊस, आणि पेटता कंदील कुठे पडेल ते कोणाच्या हातात नसतं. मुंबईत पोलीस दिवाळीच्या आधी त्यांच्यावर बंदीचा आदेशच काढतात. आकाशाकडेच दिवा हवा असेल तर आपला आकाशदिवा आहे की. पितरांना वाट दिसावी म्हणून कार्तिकात उंच काठीवर लावायचा. घाटावर एक उभा करा, पोरंही खूश.

सोडलेले कंदील परत काढणं हे अर्धं काम. हवाई बेटांवरच्या होनोलुलूत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आला मोआना किनाऱ्यावर हजारो कंदील सोडतात, पण सगळे गोळा करून पुन्हा वापरतात. हिरोशिमात ६ ऑगस्टला मोतोयासु नदीत सोडलेलेही काढून घेतात.

तुमच्याकडे सुटे सोडूच नका. दहा-दहाची माळ करा. तळाच्या खालून सुतळी, बारीक खिळ्याने मधोमध ठोकलेली, दोन कंदिलांत दीड मीटर अंतर. कमी ठेवलं तर वाऱ्याने एकमेकांना चिकटतात आणि एक पेटला की शेजारचाही जातो. बारा माळा होतील, प्रत्येक साधारण १४ मीटरची. एक टोक घाटावर, दुसऱ्या टोकाला लांब दोरी, ती समोरच्या काठावरून हळूहळू ओढायची. संपल्यावर घाटावरून उलट ओढून घ्यायची. तळ्यात उतरायचं काम नाही.

आदल्या दिवशी बघा, पालापाचोळा कुठल्या कोपऱ्यात साठलाय. वारा तिकडे नेतो. तो कोपरा घाटाकडेच असेल तर माळा समोरून ताणून धराव्या लागतील. सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास थांबा, वारा पडतो.

घाटाच्या खालच्या दोन पायऱ्यांचं शेवाळं आदल्या दिवशी खरवडा आणि कडेला चुन्याची रेघ मारा. अंधारात लोक तिथेच घसरतात. पट्टीचे पोहणारे दोघे आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी हवी. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्यालच.

नदीवर करणाऱ्यांनी पाटबंधारे खात्याकडे विसर्गाची चौकशी करावी. आणि कोकण-गोव्यात खाडीवर कोणी हे वाचून करणार असेल, तर तिथे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला ती सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान, म्हणजे साडेपाच-सहाच्या सुमाराला सुकती (ओहोटी). घाटापुढे नुसता चिखल.

तळेकाठ :
माळांची कल्पना पटली. १२० तुकडे कापायचा खर्च जास्त वाटतोय. केळीचं खोड चालेल का? घड उतरवलेल्या बागा शेजारीच आहेत.

रंधा-पटाशी :
चालेल, उलट छान तरंगतं. २१-२२ सेंमी जाड खोड बघा, नाहीतर १३ सेंमीच्या चौकोनाचे कोपरे मावत नाहीत, ५ सेंमीच्या चकत्या करा. आदल्या दिवशी सकाळी कापून सावलीत उभ्या ठेवा, चीक निथळू दे. तो कपड्याला लागला तर डाग जात नाही. चार दिवस आधी कापल्यात तर सोपटं सुटी होतात. काड्या १९-२० सेंमीच्या घ्या, टोकदार करून ३ सेंमी खोल खुपसा. खिळा त्यात धरणार नाही, म्हणून सुतळी चकतीला अधिक चिन्हासारखी बांधा. एक चकती आजच कापून बादलीत दोन तास ठेवा, वर मेणबत्ती लावून.