पुण्याहून सिंधुदुर्गातल्या खेड्यात कायमचं राहायला जायचंय, दोन लहान मुलं आहेत: काय काय तपासावं?

नवखा_कोकणात

मंडळी, आम्ही चौघं: दोघं नवरा-बायको, मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. एकाचं काम लॅपटॉपवर घरून चालतं. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात, सह्याद्रीच्या बाजूला, एखाद्या वाडीत राहायचा विचार पक्का आहे. डिसेंबरात दोन घरं पाहिली. दोन्ही कौलारू, जांभ्याच्या चिऱ्याची, मालक मुंबईत. विहिरी तुडुंब. एजंट म्हणतो भाडं कशाला भरता, शेजारीच दहा गुंठे घ्या आणि बांधा. आमच्यापैकी कुणाच्याच नावावर शेती नाही. निसर्ग छान आहे हे माहीत आहे, तेवढं सोडून बाकी सगळं सांगा.

जांभा_चिरा

डिसेंबरात भरलेली विहीर काहीच सिद्ध करत नाही. जांभा सच्छिद्र असतो. जूनमध्ये विहीर पंधरा दिवसांत भरते आणि त्याच वेगानं मार्चपासून उतरते. घर ठरवायचं तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन दोरीला दगड बांधून पाणी मोजा. विहिरीचा व्यास तीन मीटर असेल तर एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ २,१५० लिटर. चौघांना दिवसाला ५०० लिटर धरलं तर एक फूट चार दिवस पुरतं. संध्याकाळी फूटभर पाणी उपसा आणि सकाळी पुन्हा मोजा. रात्रीत अर्धा फूट परत आलं तर तुमच्या गरजेच्या दुप्पट झरा आहे. दोन बोटंसुद्धा चढलं नाही तर पुढचे पंधरा दिवस पाणी कुठून आणणार हे आधीच ठरवा. त्याच विहिरीवर आणखी किती घरं आहेत आणि पाण्याचा हक्क कुठे लिहिलाय का, तेही विचारा. मेमध्ये भांडणं तिथूनच सुरू होतात.

पहिल्या पावसात अंगणातलं सगळं विहिरीत उतरतं, म्हणून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी लागते. हिशोब असा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५ = घनमीटर. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी = सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरची निवळी पोहऱ्यानं विहिरीत खोलवर सोडून ढवळा. रात्री टाकून सकाळी पाणी काढा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी असते. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडे ओटी टेस्टचं (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं) किट असतं, त्याच्याकडून बघून घ्या. आणि दीड वर्षाचं मूल आहे म्हणून सांगतो: इथल्या बऱ्याच जुन्या विहिरींना कठडा नसतो. राहायला जायच्या आधी तीन फूट बांधकाम आणि वर लोखंडी जाळी, यात तडजोड नको.

आता छप्पर. वाशांवर हातोडीनं टकटक करा, पोकळ आवाज आला किंवा खाली पिठासारखा भुसा दिसला तर आतून खाल्लेलं आहे. रिपा (कौलाखालच्या पातळ पट्ट्या) बदलणं स्वस्त पडतं, वासे आणि आढं (माथ्यावरची मुख्य तुळई) बदलणं म्हणजे अख्खं छप्पर उतरवणं. शाकारणी (कौलं उतरवून, साफ करून पुन्हा बसवणं) दर वर्षी एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच माणसं आंबा-काजूत गुंतलेली असतात. तेव्हा फेब्रुवारीतच माणूस सांगून ठेवा. शंभर चौरस फुटाला मंगलोरी कौलं साधारण दीडशे लागतात. शंभर जादा कौलं पडवीत रचून ठेवा, पण त्याच साच्याची. वेगळ्या कारखान्याचं कौल खाचेत बसत नाही आणि तिथूनच गळतं. माकडं दर आठवड्याला दोन-चार तरी फोडतात.

कौलांखाली प्लास्टिक अंथरायचा सल्ला हमखास मिळेल. नका करू. कौलाखाली हवा खेळायला हवी. प्लास्टिकवर ओल अडकते आणि चार-पाच वर्षांत वासे कुजतात.

पुण्यातली पार्टिकल बोर्डची कपाटं तिथेच विका, दोन पावसाळ्यांत फुगून दारं लागेनाशी होतात. लोखंडी कपाट आणा. कापसाच्या गाद्याही नकोत.

तलाठी_नाही_मी

एजंटचं ऐकू नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही (कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८, कलम ६३), सक्षम अधिकाऱ्याची परवानगी असेल तरच. "शेतकरी दाखला आम्ही काढून देतो" म्हणणारे भेटतील. तो दाखला खोटा ठरला की व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि वर फौजदारी. तुम्हाला मोकळे पर्याय दोनच: बिनशेती झालेला भूखंड किंवा रीतसर उभं घर.

तेही घेताना सातबाराच्या "इतर हक्क" रकान्यावर बोट ठेवून वाचा. खाजगी वन, वनसंज्ञा (सरकारी नोंदीत वन धरलेली जमीन), कुळाचं नाव, देवस्थान, यातलं काहीही दिसलं तर थांबा. खाजगी वनांचा कायदा १९७५ चा आहे आणि सिंधुदुर्गात कैक सर्व्हे नंबर त्यात अडकलेले आहेत. आंबोली, गेळे, चौकुळची कबुलायतदार गावकर जमीन (संस्थानकाळापासून गावकऱ्यांकडे सामाईक असलेली) हा तर स्वतंत्र गुंता आहे. फेरफार मागे मागे जात तीस वर्षांचे काढा.

पण माझं मत विचाराल तर पहिले दोन पावसाळे भाड्यानं राहा. त्यातही कोकणातला खास घोटाळा म्हणजे घर एकाच्या ताब्यात आणि सातबारावर सामाईक बावीस नावं. ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. किल्ली देणाऱ्या भावाची सही पुरेशी धरू नका, बाकी हिस्सेदारांची निदान लेखी ना-हरकत घ्या. अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या आणि त्यात हे स्पष्ट लिहा:

– देवाची खोली कोणाकडे, तिची किल्ली कोणाकडे.
– गणपतीत आणि शिमग्याला मालकाचं कुटुंब येणार का, किती दिवस, कुठल्या खोल्यांत.
– शाकारणीचा खर्च कोणाचा.
– परसातल्या नारळ-फणसाचं उत्पन्न कोणाचं.

गणपतीचा मुद्दा लोक तोंडी ठेवतात आणि ऑगस्टमध्ये पंधरा माणसं दारात उभी राहतात. ती चुकीची नसतात, त्यांचं मूळ घर आहे ते. तेवढे दिवस तुम्ही पुण्याला जाणार की दोन खोल्यांत सरकणार, आधी ठरवा.

जाता जाता: आचरा, चिंदर, वायंगणी अशा गावांत घर मिळालं तर दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. गुरं-कोंबड्यांसकट अख्खा गाव वेशीबाहेर राहुट्यांत जातो. भाडेकरूलाही सूट नाही. मुलांना मात्र ते फार आवडतं.

नवखा_कोकणात

कराराचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. दवाखान्याचं काय? सापांची भीती घरच्यांनी फार घातली आहे.

पांढरा_डगला

भीती निम्मी खरी आहे. या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत, आणि आपल्याकडची प्रतिविषाची लस या चौघांवरच चालते. घाटमाथ्याच्या बाजूला मिळणाऱ्या चापड्यांवर (झाडाझुडपांतला विषारी साप) ती चालत नाही, तिथे डॉक्टर लक्षणांनुसार उपचार करतात.

घर निवडण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन चार प्रश्न विचारा. डॉक्टर रात्री मुक्कामी असतात का? प्रतिविषाच्या कुप्या आज किती शिल्लक आहेत? पहिला डोस इथेच देता की नुसतं पुढे पाठवता? १०८ ची गाडी कुठे उभी असते? पहिला डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा असतो, तेव्हा "दोन आहेत" हे उत्तर नाही म्हणूनच धरा. मुलाला डोस कमी लागतो असंही नाही. साप वजन बघून विष सोडत नाही, त्यामुळे मुलालाही मोठ्यांइतकाच डोस लागतो.

चावल्यावर घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, काहीही नाही. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, हात किंवा पाय फळी लावून स्थिर करा, मुलाला उचलून न्या, चालवू नका. फुरसं-घोणसाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, ती तपासणी त्यासाठीच. "सूज नाही, घरी जा" असं पाच मिनिटांत कोणी म्हणालं तर ऐकू नका, चोवीस तास देखरेखीखाली राहा.

मण्यार वेगळी. ती रात्री, झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं झालं तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट दवाखाना. उपाय साधा आहे: जमिनीवर झोपायचं नाही आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. लाकडं, कौलं आणि नारळाच्या सोडणांचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. उंदीर तिथे, साप तिथे.

विंचवाला लोक हलकं घेतात. लाल विंचू लहान मुलाला चावला आणि घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर ती धोक्याची वेळ आहे. प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध यावर चालतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते कोकणातल्याच रुग्णांवर सिद्ध करून दाखवलं. केंद्रात ते आहे का, हा पाचवा प्रश्न.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप): जून ते ऑक्टोबर, चिखलात अनवाणी नाही, पायावरची जखम झाकलेली. ताप आणि पोटऱ्या दुखणं म्हणजे त्याच दिवशी दाखवा. शेतात उतरणाऱ्या मोठ्यांना डॉक्टर आठवड्याची डॉक्सिसायक्लीन सुचवतात, ती गोळी स्वतःच्या मनानं मुलांना देऊ नका. दोडामार्ग आणि बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे (गोचिडीतून पसरणारा ताप) रुग्ण आढळले आहेत. जानेवारी ते मे जंगलातला पालापाचोळा घरी आणायचा नाही, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्राला कळवायचं.

लसी: अंगणवाडीत महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सत्र असतं. धाकट्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटी बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, थोरलीचा डीपीटीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांत. कांजिण्या किंवा हिपॅटायटिस-ए सरकारी यादीत नाहीत, हव्या असतील तर पुण्यातच उरका. कार्डाचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

गंभीर दुखण्याला ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बांदा-दोडामार्गकडचे लोक गोव्याला बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठतात. कुठल्या वाडीतून काय जवळ पडतं ते पावसाळ्यातल्या रस्त्यानं मोजा. मधला कॉजवे बुडाला तर नकाशावरचे बारा किलोमीटर तीस होतात.

खडू_फळा

शाळेचं थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक हा आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) निकष आहे, म्हणजे चार-पाच इयत्ता दोघांत. मुलगी पहिलीत असताना शेजारी तिसरीचा धडा चालू असणार. लहान मुलांना ते बाधत नाही, उलट वाचन लवकर येतं. खरा प्रश्न पटसंख्येचा: पट पाच-सहावर आला असेल तर दोन वर्षांनी ही शाळा टिकेल का, ते केंद्रप्रमुखांना विचारा. प्रवेश वर्षात कधीही मिळतो, आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून नाकारता येत नाही. पहिल्या महिन्यात मुलगी मालवणीतलं "खंय" (कुठे) आणि "इलंय" (आलेय) घेऊन घरी येईल. सुधारत बसू नका, मैत्रिणी त्यामुळेच मिळतात.

फ्यूज_उडाला

घरून काम म्हणताय, तर जुलैत एकदा जाऊन तीन दिवस मुक्काम करा. फांदी तारेवर पडली की लाइनमन येईपर्यंत रात्र जाते, वादळात दोन-तीन दिवसही. १२ व्होल्ट, १५० एएच ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास, हाती लागतात बाराशेच्या आसपास. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ६०, चार बल्ब ३६, राउटर-ओएनटी (फायबर इंटरनेटचा डबा) १५ = १११ वॉट, सुमारे ११ तास. साधे पंखे असतील तर सहाच. त्यावर लॅपटॉप धरून मग हिशोब करा. बॅटरी पुन्हा भरायला आठ-दहा तास वीज लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही वीज नसली तर दुसरी सोय हवी. भर पावसात सोलरच्या भरवशावर राहू नका.

इंटरनेटवाल्याला एकच प्रश्न: "तुमच्या गावातल्या बॉक्सला बॅकअप किती तास?" त्याचाच बॉक्स बंद पडला तर तुमचा इन्व्हर्टर नुसता दिवे लावायला. मोबाइलची रेंज अंगणात नाही, जाड भिंतींच्या खोलीत दार लावून बघा.

जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट मिळत नाही. जुन्या घरात तर बहुतेक वेळा नसतंच. वायरमनकडून मोजून घ्या, माती असेल तिथे कोळसा-मिठाचा खड्डा करा, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. वीज कडाडली की प्लग काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नवखा_कोकणात

म्हणजे मेमध्ये विहीर, जुलैत छप्पर-रेंज-वीज, आणि मग हलायचं कधी?

जांभा_चिरा

दिवाळीच्या सुट्टीत. रस्ते सुकलेले असतात, मुलीला शाळेचं अर्धं वर्ष मिळतं आणि पहिल्या पावसाआधी सात महिने हाताशी. गॅसचं जोडणीपत्र दोन सिलिंडरचं करून आणा, पावसात गाडी आठवडाभर चुकते. आणि मोठा ट्रक ठरवण्याआधी वाडीतल्या शेवटच्या दोन किलोमीटरचा फोटो ट्रकवाल्याला पाठवा. जांभ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) चौदा फुटी आयशर वळत नाही, मुख्य रस्त्यावर सामान उतरवून पिकअपच्या तीन खेपा कराव्या लागतात. त्याचे पैसे आधी बोलून ठेवा.