‘लिनक्स म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद’? कुणाचं पोट, ते तरी सांगा

बालाघाट

परवा एका सभासदानं या फोरमवर लिहिलं की विंडोज 10 चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तर शाळांनी जुनी डबडी भंगारात घालावीत आणि लोकवर्गणीतून नवी घ्यावीत. वर पुढं हे: ‘लिनक्स, मुक्त सॉफ्टवेअर हे पोट भरलेल्यांचे छंद आहेत. मराठवाड्यातल्या लेकरांवर प्रयोग नकोत.’ खाली चाळीसेक अंगठे. दोन दिवस गप्प बसलो. आज रविवार आहे.

लोकवर्गणी म्हणे. सोयाबीन घरात पडून आहे अन् हा माणूस गावाकडं लोकवर्गणी मागायला निघालाय.

आमच्या शाळेत अकरा संगणक आहेत. एका कंपनीनं वापरून फेकलेले, कुणीतरी देणगी म्हणून दिलेले. चार जीबी रॅम. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा एकही पास होत नाही. तीन वर्षांपूर्वी दोन मशीनला जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली अन् लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. उरलेल्या नऊला नुसतं मिंट. खर्च एसएसडीचा तेवढा. सातवीच्या पोरींनी पेनड्राइव्हवरून स्वतः इन्स्टॉल केलं, मी खुर्चीवर बसून होतो. त्या पोरींना ‘हे विंडोज नाही’ हे मी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं. केरळात सरकारी शाळांमधून कितीतरी वर्षं हेच चाललंय. तिथल्या लेकरांना काही धाड भरली नाही.

दुसरं म्हणजे, फुकट आणि मुक्त यांतला फरक पुन्हा सांगायचा मला कंटाळा आलाय. मुक्त म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो ते. आपल्याकडं सगळ्यांकडं विंडोज फुकटच आहे. ते कसं, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न पैशाचा असता तर भांडण कधीच संपलं असतं.

पोट भरलेल्याला मशीन बंद पडली की दुसरी आणता येते. छंद परवडतो तो त्याला. आमच्याकडं दुसरी मशीन नाही, म्हणून लिनक्स आहे.

वजिराबाद_डीटीपी

सर, तुमचा लेख वाचून डोळे पाणावले. आता माझं ऐका.

मी नांदेडात वीस वर्षं डीटीपी करू लालो. लग्नसराईत रात्री दोनला नवरीचा मामा येऊन म्हणतो, ‘चुलत्याचं नाव राहिलं.’ त्या वेळी मला स्वातंत्र्य नको असतं, प्रिंट पाहिजे असते. पत्रिका ज्यात करतो त्या कोरलची फाइल तुमच्या मुक्तवाल्या इंकस्केपात उघडून दाखवा. उघडते, हो. अर्धी. गणपतीची सोंड एकीकडं अन् मोदक दुसरीकडं. कोरलवाल्यांनीच 2000 च्या सुमारास लिनक्ससाठी आवृत्ती काढली होती, अन् त्यांनीच ती बंद केली. ज्यानं बनवलं त्याला नको झालं, ते माझ्या गळ्यात काहून?

अन् प्रिंटर. लिनक्सवाल्यांनी प्रिंटर या विषयावर बोलूच नये.

टीपीएमचं म्हणाल तर रूफस नावाच्या टूलनं ते वगळून 11 टाकता येतंय. 10 लाही सुरक्षेचे अपडेट वर्षभर वाढवून दिलेत. उगं घाबरवू नका लोकांना.

पाणचक्की

प्रिंटरचा मुद्दा गमतीचा आहे, कारण रिचर्ड स्टॉलमनची सगळी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच प्रिंटरवरून पेटली. एमआयटीतला प्रिंटर सारखा अडकायचा, दुरुस्त करायला त्याचा सोर्स कोड मागितला, तो मिळाला नाही. 1983 ला त्यानं ग्नू ही मुक्त प्रणाली जाहीर केली.

मी संभाजीनगरचा, सध्या पुण्यात. मला नेहमी वाटतं की मुक्त सॉफ्टवेअर आपल्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही. आपला पहिला मेंटेनर, म्हणजे आलेले बदल तपासून मूळ प्रत सांभाळणारा, पैठणचा. ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढं तीनशे वर्षं लोक नकला करत गेले, चुका घुसल्या, पदरच्या ओव्या घुसल्या. एकनाथांनी जुन्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि 1584 ला शुद्ध प्रत सिद्ध केली. हे मर्ज करणं, म्हणजे वेगवेगळ्या प्रती तपासून एक करणं, नाही तर काय आहे?

पोथीवाला

पुण्यात बसून पैठण फार सोपं दिसतं.

त्याच प्रतीच्या शेवटी नाथांनी काय बजावलंय ते वाचलंय का? या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. यात मुक्त काय आहे? नक्कल करा, वाटा, पण हात लावू नका. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे लेखक आपलं लेखन इतरांना वापरू देतो ते परवाने, त्यांच्या भाषेत हा सरळ सरळ ‘एनडी’, म्हणजे ‘बदल नको’ परवाना झाला. स्वतः पाठ दुरुस्त केले आणि बाहेर पडताना दार लावून घेतलं. तुमचा मेंटेनर रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, गोठवून गेलाय साहेब.

उपमा द्यायचीच तर खरी द्या. महानुभावांची सकळ लिपी. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, किल्ली पंथाबाहेर द्यायची नाही. म्हणून एवढं मोठं गद्य शतकानुशतकं इतर मराठी माणसाला वाचताच येत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधक राजवाडे-भाव्यांच्या काळात ते उघड झालं. मराठीतलं पहिलं बंद फॉर्मॅट हेच.

पाणचक्की

दार लावून घेतलं? मग भावार्थ रामायण नाथांच्या हातून अपुरं राहिलं ते गावबानं पूर्ण केलं, त्याचं काय? तिथं नाही का नरोटी पडली? उलट शिष्यानं पुढं लिहिलं आणि लोक आजही ते नाथांचं म्हणूनच वाचतात.

आणि ‘पुण्यात बसून’ हे दर वेळी कशाला? बाप अजून तिकडेच आहे माझा. पाणी आठवड्यातून एकदा येतं तेव्हा टाकीची मोटर मीच फोनवरून चालू करतो. (होम असिस्टंट. तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेवढ्यात सांगून ठेवतो.)

पोथीवाला

गावबानं अपुरं पूर्ण केलं, पुऱ्यात भर घातली नाही. फरक आहे. आणि भावार्थ रामायण नाथांचं स्वतःचं. ज्ञानेश्वरी दुसऱ्याची. दुसऱ्याच्या ग्रंथाला जपण्याचा नियम वेगळा असतो, हे मुक्तवाल्यांना कधीच समजणार नाही.

मोटरचं कौतुक वाटलं.

वजिराबाद_डीटीपी

मी प्रिंटरचं विचारलं होतं. उत्तरात रामायण आलं.

लातूरकरीण

येऊ द्या हो रामायण, निदान ते आपल्याकडचं तरी आहे. माझं दुखणं वेगळं आहे आणि विषय निघालाच आहे म्हणून इथंच सांगते. तंत्रज्ञानावर एवढे तावातावानं बोलणारे तुम्ही लोक, मराठी विज्ञानकथेत मराठवाडा दिसलाय कधी? यान उतरतं ते पुण्याच्या टेकडीवर. शास्त्रज्ञाचं घर डेक्कनला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक पाण्याची गाडी बघायला उभे होते, मी पण होते, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. कुणी परग्रहावर घडवलं असतं तर अंगावर काटा आला म्हणाला असतात. आमच्याकडं घडलं म्हणून ती बातमी.

यावर कथा लिहिली. एका दिवाळी अंकानं परत पाठवली: ‘वातावरण ग्रामीण, विज्ञान कमी.’ मग तुमच्या मुक्त संस्कृतीच्या नादानं क्रिएटिव्ह कॉमन्सखाली ऑनलाइन टाकली. सहा महिन्यांत व्हॉट्सॲपवरून माझ्याच नणंदेनं मला पाठवली, वर ‘जरूर वाचा’, खाली माझं नाव नाही. शेवट पण बदललेला. पाऊस पडतो म्हणे शेवटी.

बालाघाट

ताई, सीसी-बाय परवान्यात नाव ठेवणं बंधनकारक आहे. नाव काढणं हा परवान्याचा भंग आहे, आणि बदल केला असेल तर तसं सांगावं लागतं.

लातूरकरीण

हे नणंदेला सांगू की ज्या काकांनी पाऊस पाडला त्यांना?

पोथीवाला

नरोटी कशाला म्हणतात ते आता कळलं असेल. तो पाऊस.

पाणचक्की

ताई, चांगल्या कथेला अडवणारं कुणी नसतं. नारळीकरांनीसुद्धा 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा टोपणनावानं पाठवली होती. नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून. बक्षीस मिळालं.

लातूरकरीण

नाव लपवायला आधी ते असावं लागतं दादा. माझं तर लोकांनीच लपवलंय.

बालाघाट

ताईंच्या मुद्द्यावर एक भर. आपल्याकडं विज्ञानकथा नाही म्हणता, पण औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र उभं राहतंय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 मध्ये केंद्राची मंजुरी, 2600 कोटी. 2015 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तसं यंत्र हिंगोली जिल्ह्यात. आणि लायगोची निरीक्षणं सगळ्या जगाला खुली करतात, विश्लेषणाची बरीच सॉफ्टवेअरं मुक्त आहेत, सगळं चालतं लिनक्सवर. 2017 पासून जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. म्हणजे माझ्या सातवीतल्या पोरीनं जे टाकलं तेच. तिला उद्या औंढ्याचा विदा, म्हणजे डेटा, शाळेतल्या डबड्यावर उघडता येईल.

वजिराबाद_डीटीपी

सर, स्वप्नं बघायला ना नाही. पण औंढ्याचं लेकरू तिथं गेटवर वॉचमन लागंल अन् विदा उघडणारे बाहेरून येतील. एमएस-सीआयटीला विंडोज अन् ऑफिसच शिकवलं, नोकरीच्या जाहिरातीत टायपिंगचं ‘मराठी 30’ मागतात. तुमची पोरगी मुलाखतीला गेल्यावर ‘मला मिंट येतं’ म्हणेल तर पुदिना समजतील.

अन् मला चोर म्हणालात ते लक्षात आहे. ‘ते कसं, ते सगळ्यांना माहीत आहे.’ हो, मी हैदराबादहून सीडी आणायचो. रात्रीच्या गाडीनं जायचं, सकाळी बाजार, रात्री परत. दुकान टाकलं तेव्हा ओरिजिनल घ्यायचं म्हटलं असतं तर दुकानच टाकलं नसतं. त्या सीडीवर माझं घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. तुमच्या मुक्तीनं तेव्हा मला काय दिलं? इंटरनेट कॅफेत तासाला तीस रुपये मोजून मिंट उतरवत बसलो असतो का? निस्तं वर बसून अक्कल शिकवायची.

बालाघाट

तुम्हाला चोर म्हणालो नाही. ‘सगळ्यांकडं’ म्हणालो, त्यात मीही आलो. माझा पहिला संगणक त्याच सीडीवर चालला.

पण एक विचारतो, चिडू नका. वीस वर्षांच्या फायली आहेत म्हणता, त्या कोणत्या फाँटात?

वजिराबाद_डीटीपी

जुन्या. युनिकोड नाही, हल्ली मोबाइलवर चालतं ते. त्याचं काय?

बालाघाट

कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द घ्या आणि फाँट काढून टाका. ई, जे, के, बी, एच. एवढीच इंग्रजी अक्षरं उरतात. फायलीत मराठी कधी नव्हतीच, वरून रंग दिलेला होता. ज्याच्याकडं तो फाँट नाही त्याला ते वाचता येत नाही, शोधता येत नाही. पोथीवाल्यांची सकळ लिपी ती हीच. फरक इतकाच की महानुभावांनी ती जाणून केली.

माझे वडील एका छोट्या साप्ताहिकात लिहायचे, 1998 पासून दहा वर्षं. 93 च्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूर भागात फिरून त्यांनी लोकांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या, त्या तिथं क्रमानं छापल्या. ते गेल्यावर मी फायली मागायला गेलो. मालकांनी आनंदानं सीडी दिल्या. फाँट कुणाकडंच नव्हता. ज्यानं पानं लावली तो मुलगा आखातात. तीन कन्व्हर्टर वापरून पाहिले. रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी एक घर मागं सरकते, आकडे उडतात. आकडे म्हणजे मेलेल्यांचे आकडे होते त्यात. छापील अंक मिळाले तेवढे मिळाले, उरलेलं हाताने दुरुस्त करतोय. चार वर्षं झाली.

पोथीवाला

याला मी सकळ लिपी म्हणणार नाही. सकळ लिपीची किल्ली निदान कुणाकडे तरी होती.

पाणचक्की

पोथीवाल्यांशी पहिल्यांदाच सहमत. (गावबा सोडून.)

वजिराबाद_डीटीपी

...

बरं. ती सीडी एकदा मला पाठवा. त्या काळातले फाँट माझ्याकडं बहुतेक सगळे आहेत. कुठून आले विचारू नका. पान जसं होतं तसं उघडून पीडीएफ काढून देतो, आकडे तरी डोळ्यांनी खात्रीचे दिसतील. चोरीचा माल असा कामाला येतो कधी कधी.

याचा अर्थ तुमचं लिनक्स पटलं असा काढू नका. नवीन मजकूर युनिकोडात घ्यायला मी मागच्याच वर्षी लागलोय, कारण लोक आता मोबाइलवरून पाठवतात अन् परत टायपायचा कंटाळा येतो. तुमच्या चळवळीनं ते झालं नाही, व्हॉट्सॲपनं झालं. लिहून ठेवा.

लातूरकरीण

व्हॉट्सॲपचं नाव माझ्यासमोर काढू नका.

बालाघाट

सीडी उद्याच पाठवतो. आणि मान्य, युनिकोड लोकांपर्यंत फोननं नेलं. आम्ही पंधरा वर्षं ओरडत होतो ते कुणी ऐकलं नाही. पानं लावायच्या मुक्त स्क्रायबसमध्ये आता जोडाक्षरं नीट येतात, ‘मुक्ता’सारखे खुले फाँट आहेत, मराठी ल आणि श सकट. एकदा दुकानातल्या एका मशीनवर टाकून बघा. प्रिंटर कोणता आहे?

वजिराबाद_डीटीपी

काळा लेझर. छोटा. ठोकळ्यासारखा. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघा, तोच आहे.

बालाघाट

तो होय.

वजिराबाद_डीटीपी

तो.

बालाघाट

शाळेत तोच आहे. ड्रायव्हर सापडतो, पहिलं पान येतं, दुसऱ्याला गप्प बसतो. दोन उन्हाळी सुट्ट्या घालवल्यात. निकालपत्रकं मी अजून बाजारातल्या दुकानातून काढून आणतो. तेवढ्या एका मशीनवर राहू द्या विंडोज.

वजिराबाद_डीटीपी

हे पहिल्या प्रतिसादाला लिहिलं असतं तर सकाळपासून माझ्या तीन पत्रिका झाल्या असत्या.