मदत हवी आहे : जुनी टोयोटा ८६ घ्यावी की जीआर ८६साठी थांबावं?

मंडळी, मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. मागच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर टाकायची कूपे (दोन दारांची छोटी गाडी) घ्यायचं बरीच वर्षं मनात आहे. २०१७ची टोयोटा ८६ बजेटमध्ये बसतेय. परवा चालवून पाहिली. स्टिअरिंग इतकं बोलकं की रस्त्यावरचा खडा हाताला कळतो. पण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान इंजिन मरगळतं, हायवेला लागताना गिअर खाली घ्यावाच लागतो. हिच्याच नव्या पिढीत, म्हणजे २०२२पासूनच्या जीआर ८६मध्ये, २.० ऐवजी २.४ लिटरचं इंजिन आहे, २०५चे २२८ हॉर्सपॉवर झाले आणि मधली मरगळही गेली म्हणतात. तेवढ्यासाठी कर्ज वाढवावं का?

दुसरं म्हणजे बर्फ. स्नो टायरचा वेगळा सेट धरलाच आहे, कारण उन्हाळी टायर ७ अंश सेल्सियसखाली कडक पडतात. पण जानेवारीत अशी गाडी रोज ऑफिसला कोणी नेतं का? खरं सांगा, हौस म्हणून नको.

मुलगी तीन वर्षांची. तिची कार सीट मागे कशीबशी बसते, मग पुढे बायकोचे गुडघे डॅशबोर्डला. आईने तर व्हिडिओ कॉलवर विचारलंच, "आम्ही आल्यावर कुठे बसायचं, डिकीत?"

आणि आधीच्या मालकाने रेस ट्रॅकवर पिदडलेली असेल तर ते कसं ओळखायचं? टायरच्या कडा आणि ब्रेक डिस्क बघेन, क्लच कुठे पकडतो तेही. आणखी काय बघू? शनिवारी मेकॅनिककडे न्यायची आहे.