मलावीला (आफ्रिका) वर्षभर एम अँड ई (कार्यक्रमांची देखरेख आणि मूल्यमापन) व्हॉलंटियर म्हणून जावं का? एनएचएमवाले (राष्ट्रीय आरोग्य अभियान) आणि बाहेर काम केलेले प्लीज सांगा

सातपुडा_कन्या
नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यात एनएचएममध्ये एम अँड ई ला आहे, कंत्राटी, ७ वर्षं होत आली. एका आंतरराष्ट्रीय संस्थेची व्हॉलंटियर पोस्ट दिसली, मलावीत एका जिल्हा आरोग्य ऑफिसात बसून तिथल्या हेल्थ सेंटर्सच्या डेटाची क्वालिटी सुधारायची, सहज अर्ज टाकला तर इंटरव्ह्यू होऊन सिलेक्शन पण झालं. राहायला घर, खर्चापुरता अलाउन्स, इन्शुरन्स, जाण्यायेण्याचं तिकीट देणार, पगार असा नाही. कागदावर लिहिलंय कॅपॅसिटी बिल्डिंग, डेटा यूज आणि काय काय, पण रोज सकाळी जाऊन नक्की करायचं काय ते त्यात कुठेच नाही. आणि खरी अडचण वेगळीच आहे, आपली ११ महिन्यांची ऑर्डर, मधे वर्ष गेलं तर सेवा खंडित, मग १० वर्षं झालेल्यांच्या समायोजनाचा (कायम सेवेत घेण्याचा) तो २०२४ चा जीआर आहे त्यात मी कशी बसणार? घरचे म्हणतात ३ वर्षं दम धर. जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा, समाजसेवेच्या नावावर पर्यटन असेल तर नकोय मला.

उगाच_एक
धडगाव अक्कलकुव्याचा डेटा सुधारून झाला वाटतं 😀

सातपुडा_कन्या
नाही झाला. तुम्ही या की मग मदतीला, पाड्यावर नेट नाही, नोंदवह्या घेऊन चालायची तयारी ठेवा.

गुडघाभर_चिखल
मी मलावीत होतो, दक्षिणेकडच्या एका जिल्ह्यात, असंच काम. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तिकडे सॉफ्टवेअर शिकवायला कोणी आपली वाट बघत नाहीये. डीएचआयएस२ (आरोग्याचे आकडे भरायचं सॉफ्टवेअर) ते लोक वर्षानुवर्षं वापरतायत, जिल्ह्याचा एचएमआयएस (आरोग्य आकडेवारी) ऑफिसर त्यात तुमच्यापेक्षा फास्ट असेल. आणि डेटावरून धोरण ठरवणं म्हणाल तर गरोदर बाई एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली की सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) न बघता तिला कायमची औषधं सुरू करायची हे मलावीने २०११ ला केलं, डब्ल्यूएचओच्या गाइडलाइनमध्ये ते २०१३ ला आलं. सीडी४ ची मशीनं मोजकी होती, त्यांच्यासाठी थांबलं असतं तर बायका निसटल्या असत्या. आणि हे जमलं कशामुळे, तर एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) क्लिनिकांना दर तिमाहीला टीम जाते आणि रजिस्टर पानन् पान मोजते. त्यामुळे आपण शिकवायला चाललोय हे डोक्यातून काढून टाका.

मग काम काय? रजिस्टर मोजणं. गंमत नाही करत. हेल्थ सेंटरला जायचं, ओपीडीचं रजिस्टर उघडायचं, समजा मार्चच्या रिपोर्टमध्ये पाच वर्षांखालचे मलेरियाचे २४० पेशंट दाखवलेत आणि तुम्ही रजिस्टरमध्ये बोट ठेवून मोजले तर १८४ निघतात, रजिस्टर भागिले रिपोर्ट ०.७७, म्हणजे रिपोर्ट फुगलाय. आता इथे लोक थेट "खोटा डेटा" म्हणून मोकळे होतात. तुम्ही औषधाचं स्टॉक कार्ड मागा, एलएच्या (मलेरियाचं औषध) किती पट्ट्या गेल्या ते बघा, आरडीटी (मलेरियाची झटपट तपासणी) किट किती वापरले ते बघा. आमच्याकडे एका ठिकाणी असं निघालं की रजिस्टर संपलं होतं, नवीन आलंच नव्हतं, नर्सने १०० पानी वहीला पट्टीने रेघा मारून पुढचे पेशंट त्यात लिहिलेले आणि ती वही कपाटात पार्टोग्राफच्या (बाळंतपणाच्या नोंदीचे तक्ते) गठ्ठ्याखाली होती. ते पेशंट धरले तर रिपोर्ट बरोबर होता, बाई बिचारी एकटी ओपीडी आणि लेबर रूम दोन्ही बघायची. त्या सेंटरला ट्रेनिंगची नाही, छापील रजिस्टरची गरज होती, आणि ते मिळवायला जिल्ह्याच्या बजेट मीटिंगला कोणीतरी चिकाटीने बसावं लागतं. माझ्या मते त्या वर्षात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच, रिपोर्टमध्ये त्याला एक ओळ मिळाली.

दुसरं, डिनॉमिनेटर, म्हणजे टक्केवारी काढताना खाली धरायची लोकसंख्या. यात तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. त्यांची शेवटची जनगणना २०१८ ची, लोकसंख्या पावणेदोन कोटी, तीच दरवर्षी फुगवून टार्गेट काढतात (आपण काय करतो, २०११ ची घेऊन ईएलए (वर्षाचं अपेक्षित टार्गेट) काढतो ना). त्यात मोझांबिकची हद्द लागून, पलीकडच्या बायका डिलिव्हरीला अलीकडे येतात, मुलांना लसी पण इकडेच, मग कव्हरेज ११५ टक्के आणि वर सगळे खूश. गुजरात एमपीच्या हद्दीवर काम केलेल्या माणसाला हे एका दिवसात कळतं, युरोपातून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला तीन महिने लागले. ही तुमची जमेची बाजू आहे, इंटरव्ह्यूत सांगितली नसेल तर आता मेलमध्ये सांगा.

राहण्याबद्दल, वीज जाते, पेट्रोलची टंचाई होते मग फील्ड व्हिजिट रद्द. नसिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भाकरी खाणाऱ्याला जमतो. डाळ मसाला ब्लँटायर लिंबेला मिळतो, गुजराती दुकानं आहेत. पावसात मलेरिया आहेच, मच्छरदाणीत कंटाळा नको. फ्लाइट अदिस किंवा नैरोबीवरून असते, त्या देशांत येलो फिवर असतो, म्हणून त्याची लस सरकारमान्य सेंटरलाच घ्या, निघायच्या किमान १० दिवस आधी, नाहीतर परत येताना मुंबईला वाद घालत बसाल.

पैशाचं_बोला
वरचं सगळं मस्त, पण आधी विचार की पोस्टचा पैसा कुणाचा. २०२५ मध्ये यूएसएड (अमेरिकेची मदत संस्था) बंद पडलं, त्यांच्या पैशावरचा डीएचएस (घरोघरच्या आरोग्य पाहणीचा) सर्व्हे प्रोग्राम त्याच वर्षी थांबवला, तिकडे एम अँड ई मधे ज्यांचे पगार त्या पैशातून होते त्यांच्या नोकऱ्या गेल्या. तू व्हॉलंटियर म्हणून जाऊन अशाच कुणाच्या रिकाम्या खुर्चीत बसणार असशील तर तुझा अलाउन्स त्या लोकल माणसाला का दिला नाही हा प्रश्न तिथले लोक तोंडावर नाही विचारणार, पण मनात ठेवणार. तुझ्याबरोबर काम करायला तिथला एक नेमलेला माणूस आहे का, आणि तू तिथून निघाल्यावर ते काम त्याच्या जॉबमध्ये लिहिलेलं आहे का, हे लेखी माग. नसेल तर मी तरी जाणार नाही. आणि तुझा अनुभव ७ वर्षांचा आहे तर यूएनव्हीच्या (संयुक्त राष्ट्रांचे व्हॉलंटियर) स्पेशालिस्ट पोस्ट पण बघ, वय २७ पुढे आणि किमान ३ वर्षं अनुभव लागतो, अलाउन्स बरा असतो. अर्जाला ते फी घेत नाहीत, कोणी मागितली तर फ्रॉड.

कंत्राटी_कायम
समायोजनाबद्दल बोलतो, माझे १२ वर्षं झालीत आणि मी अजून कंत्राटीच आहे यावरून काय ते समजा. ऑफिसात कोणी "जा, मी बघून घेईन" म्हणालं तर अजिबात विश्वास ठेवू नका, साहेब बदलतात. डीपीएमना (जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक) लेखी अर्ज द्या की बिनपगारी रजा मिळेल का आणि परत आल्यावर आधीची सेवा धरणार का, आवक नंबर घ्या. उत्तर "नाही" असं आलं तर तेही लेखीच घ्या. मग घरच्यांशी बोला.

सातपुडा_कन्या
खूप आभार सगळ्यांचे. संस्थेला मेल टाकलाय, पैसा कुणाचा आणि सोबत कोण हे दोन्ही विचारलं, हद्दीवरच्या कामाचं पण लिहिलं. अर्ज सोमवारी देते. @गुडघाभर_चिखल, त्या स्टॉक कार्ड तपासणीचा तुमचा काही फॉरमॅट असेल तर व्यनि कराल का? मलावी राहू दे, इथेच आधी मोलगीला लावून बघते.

गुडघाभर_चिखल
पाठवलाय. एलएच्या जागी तुमच्या औषधांची नावं टाका, आणि ज्या महिन्यात स्टॉक संपला होता तो महिना हिशोबात धरू नका.